आधी नंबर सेव्ह करा

फेसबुकवर पाच हजार मित्र आणि लेखाला बावीस लाइक. त्यातले निम्मे नात्यातले. मराठवाड्यातल्या अहमदपुरात बसून लिहिणाऱ्याला हा अनुभव येतो आणि पुण्या-मुंबईच्या नामवंतालाही येतो. मग दोघेही एकच निष्कर्ष काढतात: लोक वाचत नाहीत.

लोकांपर्यंत लेख पोचला होता का, हे कुणी विचारलं?

जानेवारी 2018 मध्ये फेसबुकनं जाहीर केलं, की यापुढे पानांवरच्या मजकुरापेक्षा मित्र-नातेवाइकांच्या पोस्ट वर दिसतील. ज्यांनी वर्षानुवर्षं खपून आपलं पान वाढवलं होतं, त्यांचा वाचक बघता बघता आटला. वाचकानं पाठ फिरवली नव्हती. त्याला कुणी विचारलंही नव्हतं.

ऑर्कुट 2014 मध्ये बंद झालं. गूगल प्लस 2019 मध्ये गेलं. 29 जून 2020 ला सरकारनं टिकटॉकवर बंदी घातली आणि वाड्या-तांड्यांवरच्या पोरांनी जमवलेला लाखालाखाचा प्रेक्षक हातचा गेला. 2023 मध्ये ट्विटरचं एक्स झालं. दर वेळी आपण दोन दिवस हळहळतो आणि तिसऱ्या दिवशी पुढच्या ॲपवर खातं उघडतो.

दुसऱ्याच्या जागेत घर बांधायचं आणि मालकानं कुलूप लावलं की रडायचं. किती वेळा?

मराठवाड्यानं तरी हे रडगाणं गाऊ नये. 1938 साली आ. कृ. वाघमारे यांनी ‘मराठवाडा’ साप्ताहिक सुरू केलं. निजामाच्या राज्यात मोकळेपणानं लिहिण्याची सोय नव्हती, म्हणून ते पुण्याहून काढलं. निजाम सरकारनं त्याला संस्थानात बंदी केली. वाघमाऱ्यांनी नाव बदलून अंक काढला. त्या नावावर बंदी आली, तर तिसरं नाव घेतलं. असं एकदा नाही, अनेकदा.

नावं बदलत गेली, वाचक बदलला नाही. तो नावाला चिकटलेला नव्हता, मजकुराला चिकटलेला होता. आणि बंदी असलेला अंक गावात पोचवायला अल्गोरिदम लागत नाही, माणसं लागतात.

पुढची गोष्ट औरंगाबादची. साठच्या दशकाच्या अखेरीस गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ नियतकालिक उभं केलं. नुसता अंक काढून ते थांबले नाहीत. लेखक-वाचक मेळावे भरवले, वेगवेगळ्या गावांत भरवले. तिथे लिहिणारा आणि वाचणारा समोरासमोर बसायचे. भांडवल नाही, जाहिराती नाहीत. आणि त्यातून दलित साहित्याची एक पिढी लिहिती झाली.

आज लाखभर फॉलोअर असणाऱ्या किती जणांनी आपला एक तरी वाचक समोर बसवलाय?

अशा नियतकालिकांकडे एक वही असायची. वर्गणीदारांची. नाव, गाव, तालुका, पिनकोड. ‘मु. पो. किनगाव, ता. अहमदपूर’ असा पत्ता हातानं लिहिलेला. छापखाना बदलला, कागद महागला, संपादक आजारी पडला, तरी वही जागच्या जागी. ती कुणाच्या मेहेरबानीवर नव्हती.

टपाल खातंही काही कायमचं सोयीचं नसतं, हे मान्य. मनीऑर्डरची जुनी पद्धत 2015 मध्ये गेली. डिसेंबर 2024 मध्ये रजिस्टर्ड बुक पोस्टही बंद झालं आणि छोट्या प्रकाशकांची तारांबळ उडाली. पण पत्ता हाताशी होता. पत्ता असला की दुसरा रस्ता शोधता येतो. पत्ताच नसेल तर रस्ते कितीही असोत, काय उपयोग?

आता म्हणाल, ही झाली जुनी गोष्ट. फोनच्या जमान्यात असं चालत नाही. मग परभणीच्या पंजाबराव डखांकडे बघा. त्यांचे हवामानाचे अंदाज किती शास्त्रीय, यावर तज्ज्ञांचे आक्षेप आहेत आणि ते ऐकायलाच हवेत. पण या माणसानं गावागावातल्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून आपला मेसेज आधी बांधावर पोचवला. यूट्यूब आणि टीव्हीवाले त्यानंतर आले. सोयाबीन काढायचं की थांबायचं, हे ठरवण्याच्या दिवशी मेसेज आला, तर शेतकरी तो शोधून वाचतो.

गरजेच्या वेळी आलेला मजकूर वाचला जातोच. आपण मात्र लिहितो आपल्या सवडीनं आणि रागावतो वाचकावर.

व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीचा एक नियम आहे. एका यादीत 256 जण. आणि मेसेज त्यालाच मिळतो, ज्यानं तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलाय. लिहिणाऱ्या मंडळींना हा नियम जाचक वाटतो. मला तो वाचक मोजण्याचा सर्वांत सच्चा मार्ग वाटतो. लाइक अंगठ्याच्या ओघात होतो. नंबर सेव्ह करायला मनात यावं लागतं.

व्हॉट्सॲप चॅनलचं तसं नाही. सप्टेंबर 2023 मध्ये ते भारतात आले आणि सगळे तिकडे धावले. तिथे आकडा दिसतो, माणूस दिसत नाही. उद्या ते चॅनल बंद पडलं, तर त्या हजारोंपैकी किती जणांना तुम्ही फोन करू शकता?

आता वाचकाची बाजू. दोष सगळा कंपन्यांचा नाही.

चांगला लेख आला की आपण पुढे पाठवतो. छान. पण पाठवताना खालचं नाव कुठे जातं? कुणीतरी ते पुसतो, कुणीतरी ‘लेखक अज्ञात’ लिहितो, आणि कुणीतरी थेट पु. ल. देशपांडे यांचं नाव चिकटवतो. पु. ल. 2000 साली गेले. त्यांच्या नावावरचे नवे लेख अजून येतायत. ज्यानं रात्र जागून लिहिलं, त्याला त्याचाच लेख तिसऱ्या ग्रुपमधून परत येतो, बिननावाचा.

नाव पुसण्याची ही सवय निरुपद्रवी नाही. अहमदपूरनं ते पाहिलंय. ऑगस्ट 2020, करोनाचे दिवस. धर्मगुरू शिवलिंग शिवाचार्य महाराज जिवंत समाधी घेणार, अशी अफवा पसरली आणि तिथल्या भक्तिस्थळावर हजारोंची गर्दी उसळली. महाराज हयात होते. त्यांचं निधन 1 सप्टेंबरला झालं. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांपैकी किती जणांनी विचारलं असेल, की हे मुळात लिहिलं कुणी?

बिननावाच्या मजकुराची सवय लागली, की अफवा आणि लेख यांत फरक करणारी खूणच उरत नाही.

धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला 1 जुलै 2018 रोजी अफवेनं पाच जणांचा जीव घेतला. देशभर अशाच घटना घडत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली. योग्यच केलं. पण अफवेसाठी घातलेली ही मर्यादा नावानिशी, जबाबदारीनं लिहिणाऱ्यालाही लागू झाली. बेजबाबदारांचा दंड जबाबदारांनीही भरला.

मग करायचं काय? फार नाही.

लिहिणाऱ्यांनो, वही करा. कागदाची असो वा फोनमधली, पण तुमची स्वतःची. अहमदपूर, हडोळती, शिरूर ताजबंद, जिथे वाचक असेल तिथल्या माणसाचं नाव आणि नंबर, त्याला विचारून, लिहून ठेवा. फेसबुक जरूर वापरा. तिथे लोक भेटतात. भेटले की वहीत घ्या.

ठरलेल्या वारी लिहा. लेखाच्या खालीच नव्हे, वरही नाव टाका. वर्षातून एकदा वाचकांना एकत्र बोलवा. सभागृह नसेल तर शाळेची खोली चालेल. आणि वर्गणी मागा. लाज कसली? आता तर क्यूआर कोड चहाच्या टपरीवरही आहे.

वाचकांनो, तुमच्यासाठी तीनच गोष्टी. ज्याचं लिहिणं तुम्हाला पटतं, त्याचा नंबर आज सेव्ह करा. लेख नावासकट पुढे पाठवा. आणि वर्षाला शंभर-दोनशे रुपये वर्गणी भरा.

फुकटातल्या वाचकाचं लक्ष कंपन्या जाहिरातदारांना विकतात. वर्गणी भरणारा वाचक कुणालाच विकता येत नाही. तुम्ही कोणते वाचक आहात, ते आता ठरवा.