शाबास, तुम्ही हलला नाहीत!

ऐंशी लाखांची गाडी बंगळुरूच्या सिल्क बोर्ड चौकात उभी राहते आणि स्टिअरिंगमागच्या पडद्यावर एक हिरवं पान उमटतं. पानाशेजारी आकडा : 96. शंभरपैकी. गाडी फार छान चालवलीत, असा त्याचा अर्थ. गेला पाऊण तास गाडी चाललेलीच नाही, हा तपशील पडद्याला किरकोळ वाटतो.

साहेबांना तुम्ही ओळखता. मूळचे कोथरूडचे, आता सर्जापूर रोडला व्हिला, बंगळुरूत असले की ‘आमच्या पुण्याला’ आणि पुण्यात गेले की ‘आमच्या बंगलोरला’. त्यांनी हायब्रिड एसयूव्ही घेतली. अडीच लिटरचं पेट्रोल इंजिन, जोडीला विजेच्या मोटरी, पावणेआठ सेकंदांत शून्यावरून शंभर. 2024 सालच्या एका जागतिक पाहणीनुसार बंगळुरूत 10 किलोमीटर जायला सरासरी 34 मिनिटं 10 सेकंद लागत होते. म्हणजे ताशी साडेसतरा किलोमीटर. शंभरातले उरलेले साडेब्याऐंशी साहेबांनी पैसे मोजून घेतलेत आणि ते बॉनेटखाली, प्लास्टिकसुद्धा न काढलेल्या अवस्थेत पडून आहेत. (त्याच यादीत पुणे 33 मिनिटं 22 सेकंद. आपलं गाव 48 सेकंदांनी मागे पडलं याची साहेबांना अजून रुखरुख आहे.)

वेगाबद्दल साहेब फारसं बोलतही नाहीत. मराठी माणूस ऐंशी लाखांची गाडी घ्यायला गेला तरी शोरूममध्ये विचारतो ते एकच : ॲव्हरेज किती देते? ‘अठरा, सर,’ सेल्समन म्हणाला आणि सौदा तिथेच पक्का झाला. आधीची गाडी 9 द्यायची. आता करा हिशेब. वर्षाला 8 हजार किलोमीटर धरले तर वाचलं 444 लिटर पेट्रोल; लिटरला 103 रुपये धरले तर सुमारे 46 हजार रुपये. कर्नाटकात 20 लाखांवरच्या गाडीला आजीवन रस्ता कर 18 टक्के, वर अधिभार. गाडीच्या मूळ किमतीवर, म्हणजे पासष्ट लाखांवर, नुसते ते 18 टक्के म्हणजे 11 लाख 70 हजार. पेट्रोलच्या बचतीतून एवढा करच फिटायला पंचवीस वर्षं लागतील. गाडीचे पैसे सुटायला लागतील ते त्यानंतर, नातवाच्या हातून. आणि इतिहासप्रेमींसाठी सांगतो, 1687 च्या सुमारास बंगळुरू मराठ्यांकडून मोगलांमार्फत म्हैसूरकरांकडे गेलं तेव्हा सौदा ठरला होता तीन लाखांना. अख्खं गाव, किल्ल्यासकट. साहेबांनी एका गाडीच्या करापायी जवळजवळ चार बंगळुरूंचे पैसे भरले, आणि त्यांना इब्लूरच्या सिग्नलला पुढच्या टेम्पोच्या मागे फूटभर जागा मिळत नाही.

पण हे झालं अडाण्यांचं गणित. साहेबांच्या गणितात हिरवं पान आहे. हायब्रिडचं तंत्रच असं की संथ चाललं की इंजिन बंद, गाडी विजेवर. ब्रेक मारला की वाया जाणारी शक्ती परत बॅटरीत. म्हणजे जितकं थांबत, सरपटत, ब्रेक दाबत जाल तितकं ॲव्हरेज चांगलं. मोकळ्या रस्त्यावर वेग धरला की पेट्रोल इंजिन जागं होतं आणि पान कोमेजतं. या गाडीला चार्जिंगचा प्लग नाही, तिच्यातला विजेचा थेंब न् थेंब शेवटी पेट्रोलातूनच निघतो, म्हणून सरकार तिला हिरवी नंबरप्लेटही देत नाही. साहेबांना हे फार लागलेलं आहे. त्यामुळे सगळी भिस्त पडद्यावरच्या पानावर.

आणि पानापायी माणूस कुठवर जाईल? सर्जापूर रोडने आलं की इब्लूरला उजवीकडे वळून बेळंदूर, तिथेच ऑफिस. साहेब हल्ली डावीकडे वळायला लावतात. आगरा, मग सिल्क बोर्ड, तिथे मनसोक्त अडकायचं, यू-टर्न घेऊन परत. पान टवटवीत. विमानतळाला जायचं म्हटलं की त्यांच्या पोटात गोळा येतो, कारण हेब्बाळ ओलांडलं की रस्ता मोकळा लागतो आणि महिनाभर जमवलेलं ॲव्हरेज अर्ध्या तासात मातीत जातं. म्हणून ते विमान संध्याकाळचं घेतात, म्हणजे निदान हेब्बाळपर्यंत तरी चांगला जाम मिळेल. पावसाळा त्यांना आवडतो. लग्नाची वरात आडवी आली की खिडकी खाली करून कौतुकाने बघतात. रुग्णवाहिकेला वाट देताना गाडी जरा जोरात काढावी लागली तर पान हलतं, तेवढ्यापुरता त्यांचा चेहरा पडतो. सिल्क बोर्डला डोक्यावरून 2025 च्या ऑगस्टपासून पिवळ्या मार्गावरची मेट्रो जाते. ती ते सनरूफमधून पाहतात. सनरूफचा एवढा उपयोग दुसऱ्या कुणी केला नसेल. दुःख एकच : जाम फार लांबला तर एसी बॅटरी पिऊन टाकतो आणि उभ्या गाडीचं इंजिन घरघरायला लागतं. गाडी हलवायला नव्हे, एसीचं पोट भरायला. त्या क्षणी 96 चे 95 होतात. साहेब डोळे मिटून घेतात.

मार्क तरी साहेबांचे आहेत का? साहेब बसतात मागे, हवेशीर सीटवर. ॲक्सिलरेटरवर पाय असतो ड्रायव्हरचा. तो कोलारकडचा पोरगा, कन्नडमधून साहेबांच्या गाडीला समजावत चालवतो, ‘स्वल्प, स्वल्प.’ शंभरपैकी 96 त्याच्या उजव्या अंगठ्याचे. पगारवाढ मागितली तेव्हा साहेबांनी त्याला पान दाखवलं.

रात्री किल्ली दिली की हा शंभरपैकी 96 वाला माणूस आउटर रिंग रोडला येऊन 500-डी पकडतो. साठ माणसं कोंबलेली ती बस उभी असते कुणाच्या मागे? एक माणूस आणि एक लॅपटॉप वाहून नेणाऱ्या दोन टनांच्या गाडीच्या मागे. 2019 साली याच रस्त्यावर सिल्क बोर्डपासून के. आर. पुरमपर्यंत बससाठी वेगळी मार्गिका आखली होती. कडेला खुंट रोवले होते. बस खरोखर पळायला लागली होती, मी त्या बसमध्ये होतो म्हणून सांगतो. मग मेट्रोचं काम आलं, खुंट गेले आणि मार्गिका गेली ती गेलीच. मेट्रोच्या खांबांना जागा मिळाली, गाड्यांना मिळाली, फक्त बसला मिळाली नाही. फूटपाथवर ट्रान्सफॉर्मर, ट्रान्सफॉर्मरला टेकून स्कूटर, स्कूटरपुढे उघडं गटार. चालणाऱ्या बाईने मूल कडेवर घेऊन रस्त्यात उतरायचं आणि मागून आवाज न करता, विजेवर, पर्यावरणाचं रक्षण करत आलेल्या गाडीने तिला हॉर्न मारायचा! कसलं पान आणि कसले मार्क? कुणी कुणाला द्यायचे? साठ माणसांच्या बसच्या ड्रायव्हरला देतं का कुणी पान?

असो. साहेब सध्या काळजीत आहेत. हेब्बाळ ते सिल्क बोर्ड जवळपास 17 किलोमीटरचा बोगदा खणायचं घाटतंय, खर्च 17 हजार कोटींच्या वर. बोगद्यात सिग्नल नाही, गाय नाही, वरात नाही. गाडी साठने सुटणार, इंजिन सतत चालू राहणार, ॲव्हरेज बारावर येणार. ‘हे लोक पर्यावरणाचा विचारच करत नाहीत,’ साहेब मला तळमळून म्हणाले.

मी त्यांना एजिपुराला घेऊन गेलो. तिथला उड्डाणपूल अडीच किलोमीटरचा. काम 2017 साली सुरू झालं. 2025 उजाडलं तरी खांबांतून वर निघालेल्या सळ्या आभाळाकडे बघत उभ्याच होत्या. साहेबांनी गाडीतूनच पाहिलं, बोटांवर काहीतरी मोजलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. परतताना त्यांनी मिसेससाठी दुसरी बुक केली.