खुली व्यायामशाळा : वापरविधी

महापालिकेच्या बागेत बंद कारंजे आणि ज्येष्ठ नागरिक कट्टा यांच्यामध्ये जी पिवळी-निळी लोखंडी यंत्रे उभी असतात, त्यांना ओपन जिम म्हणतात. ती कशी वापरावीत याबद्दल नागरिकांत अजून बरेच अज्ञान आहे. काही जण तर आल्या आल्या थेट व्यायामच करू लागतात. अशा होतकरूंना वेळीच वळण लागावे म्हणून पुढील सूचना.

पूर्वतयारी

पुरुषांनी कानटोपी, स्वेटर आणि मोज्यांवर सँडल घालावी. महिलांनी साडी किंवा पंजाबी ड्रेसखाली पांढरे स्पोर्ट्स शूज घालावेत. वॉर्म-अप वेगळा करू नये. स्कूटर लावायला जागा शोधताना तो झालेला असतो.

आत शिरल्यावर आधी फलक वाचावा. त्यावर संकल्पना कोणाची, निधी कोणाचा आणि शुभहस्त कोणाचे, हे दुरूनही दिसेल अशा अक्षरांत लिहिलेले असते. यंत्र कसे चालवावे याचे स्टिकर मात्र तळहाताएवढे असते आणि दुसऱ्या पावसाळ्यात त्यातल्या माणसाचे डोके उडून गेलेले असते. यावरून कोणती माहिती महत्त्वाची, ते ओळखावे. मुंबईत मरीन ड्राइव्हवर २०१६ साली ओपन जिम बसवली, उद्घाटनानंतर महापालिकेने ती काढली आणि वाद झाल्यावर पुन्हा बसवली. त्या जिममधला सर्वांत दमदार व्यायाम तेव्हा यंत्रांनीच केला असावा.

मूलतत्त्व

बंदिस्त जिममध्ये लोखंडी चकत्या असतात, विजेवर पळणारे पट्टे असतात. इथे दोन्ही नाहीत. दांडे ओढले की तरफेच्या जोरावर तुमची बैठकच वर जाते; म्हणजे उचलायचे ते स्वतःलाच. पन्नास किलोची मुलगी आपला भार उचलते, पंच्याण्णव किलोचे काका आपला. वजन वाढवून घ्यायचे असेल तर त्याची सोय यंत्रात नाही, गेटाबाहेरच्या वडापावच्या गाडीवर आहे. नियमित साधक ती रोज वापरतात.

यंत्रनिहाय सूचना

एअर वॉकर : दोन लोंबत्या पट्ट्यांवर उभे राहून पाय मागे-पुढे झुलवायचे. एकदा झोका मिळाला की पुढचे काम लंबक करतो, पाय नुसते प्रवासी असतात. त्यामुळे तोंड पूर्ण मोकळे राहते. विषय गुडघेदुखीपासून सुरू करून सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटपर्यंत न्यावा. बिल्डर किती कार्पेट एरिया वाढवून देतोय हा मुद्दा निघाला की यंत्र आपोआप थांबते. हा बिघाड नव्हे.

ट्विस्टर : गोल चकतीवर उभे राहून कंबर डावी-उजवीकडे वळवायची. तिघांच्या यंत्रावर तिघे एकमेकांकडे तोंड करून उभे असतात आणि मधला दांडा सोडता येत नाही. त्यामुळे लग्नाळू मुलामुलींची चौकशी इथेच करावी. समोरच्याला पळ काढता येत नाही. कंबर कुठेही फिरो, नजर गेटावर असावी. नवीन कोण आले, ते कळायला हवे.

खांद्याचे चाक : एका हाताने चाक फिरवावे, दुसऱ्या हाताने सुप्रभातचे संदेश पुढे पाठवावेत. दहा वेळा उजवीकडे फिरवल्यास दहा वेळा डावीकडेही फिरवावे, म्हणजे सगळे होते तसे होते.

लेग प्रेस : ही पाठ टेकता येणारी खुर्ची आहे. बाकावर जागा नसेल तर पेपर घेऊन इथे बसावे. कोणी समोर येऊन ताटकळत उभे राहिलेच, तर पायाने एकदा रेटा द्यावा, ‘अजून एक सेट आहे हो’ म्हणावे आणि अग्रलेखाकडे वळावे.

सिट-अपचा फळा : वरील सर्व यंत्रांनी थकवा आल्यास यावर आडवे व्हावे. बाग दुपारी बंद असते, हे लक्षात घेऊन वामकुक्षी सकाळीच उरकावी.

पुल-अपचा दांडा : लटकवण्यासाठी. काढलेले स्वेटर, दुधाची पिशवी, पालकाची जुडी. उजाडायच्या आत काही तरुण या दांड्याला स्वतःच लटकलेले आढळतात. ती पोलीस भरतीची मुले. त्यांच्या मैदानी परीक्षेत १६०० मीटर आणि १०० मीटर धावणे असते, गोळाफेक असते. एअर वॉकर नसतो. त्यामुळे त्यांना यंत्रांचे अगत्य नाही, गप्पांचे तर मुळीच नाही. ती नुसती घाम गाळतात आणि जातात. त्यांचा आदर्श ठेवू नये.

बालविभाग

‘लहान मुलांनी वापरू नये’ अशी पाटी असल्याने संध्याकाळी सर्व यंत्रे लहान मुलांच्या ताब्यात असतात. एअर वॉकरचा झोपाळा होतो, ट्विस्टरचा भोवरा. आजीने ‘अरे, पडशील!’ असे दर मिनिटाला म्हणावे. हा फुप्फुसांचा व्यायाम आहे. सांध्यांच्या फटीत पोरांची बोटे जाऊ नयेत, एवढी एक सूचना मात्र खरोखरची समजावी.

व्यायामाचे प्रमाण

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम आणि किमान दोन दिवस स्नायूंचे व्यायाम सांगते. हिशेबात यंत्रावर बसल्याचा, नंबर लावून थांबल्याचा आणि ‘आपल्या वेळी सूर्यनमस्कार असायचे’ असे सांगण्याचाही वेळ धरावा. औंधच्या पंतप्रतिनिधींनी ज्या सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, त्यांना सतरंजीएवढी जागा पुरते, यंत्र लागत नाही; म्हणून ते फक्त सांगायचे असतात. असा हिशेब ठेवल्यास आठवड्याचा कोटा मंगळवारीच संपतो.

देखभाल व तक्रार

बेअरिंग कुरकुरू लागल्यास ग्रीस मागू नये. आवाज आला नाही तर तुम्ही व्यायाम करताय हे शेजारच्या इमारतीला कळणार कसे? एअर वॉकरची एक पट्टी तुटली असेल तर आज डावा पाय करावा, उजव्याला सुट्टी द्यावी.

तक्रार करायचीच असेल तर पूर्वी नगरसेवकाला गाठत. पण मार्च २०२२ मध्ये मुंबई-पुण्यातल्या सभागृहांची मुदत संपली आणि पुढे जवळजवळ चार वर्षे कारभार प्रशासकांकडे होता. त्या काळात फलकावरचे नगरसेवक माजी झाले आणि कित्येक यंत्रेही. १५ जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर पुन्हा दार ठोठावायला माणूस मिळाला आहे. मात्र त्याच्याकडे दुरुस्ती मागू नका. दुरुस्तीला फीत नसते, नारळ नसतो, फोटो नसतो. तुटलेल्या पट्टीला वेल्डिंग केल्याचा फलक आजवर कोणी लावलेला नाही. मागायचे तर नवे यंत्र मागा, ते जुन्याच्या शेजारी बसवून मिळते. उद्घाटनाला वेळेवर जा. पाहुणे दोनदा पाय हलवून, फोटो काढून खाली उतरतील. त्या वेळी बेअरिंगमध्ये कारखान्याचे ग्रीस असते आणि सगळे बोल्ट घट्ट असतात. चहा येईपर्यंत काय तो व्यायाम उरकून घ्या.