कुंपणाला कान, फायलीला कुलूप

"अहो वहिनी, तुमच्या माडीवरचा दिवा काल रात्री एकपर्यंत जळत होता. कुणाला बरं नाही का?"

प्रश्न तब्येतीचा नव्हता, हे मला कळत होतं. कुंपणाच्या त्या बाजूला काकू देवासाठी जास्वंदीच्या कळ्या खुडत होत्या, या बाजूला मी पावसाने आडवी झालेली कर्दळ बांधत होते. त्र्यंबकच्या पावसात भिजत उभं राहून कुणी उगाच विचारपूस करत नाही.

"सून काम करत होती," मी म्हटलं.

"कॉलेजचं?"

"नाही हो. संशोधनाचे अर्ज आलेत तपासायला. सरकारी अनुदानाचे." एवढं बोलून बसले आणि लक्षात आलं, गेली आता सकाळ.

काकूंनी परडी खाली ठेवली. "म्हणजे सरकारचे पैसे कुणाला द्यायचे ते आपली पोर ठरवणार?"

"ती नुसतं मत लिहून देते. असे आणखीही जण लिहितात, मग वर समिती बसते."

"कुणाकुणाचे अर्ज आलेत?"

"मला नाही माहीत."

"एका घरात राहून?"

"एका घरात राहूनच. लॅपटॉप उघडला की दार लागतं. चहा द्यायला गेले तर आधी पडदा मिटते, मग कप घेते. अर्जांबद्दल ताकास तूर लागू देत नाही. पद्धत कशी असते ते विचारलं तर मात्र जेवताना भरभरून सांगते."

"मग पद्धत सांगा," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली आला. "कारण असं आहे, माझ्या भाचीची मुलगी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिनेही पाठवलाय अर्ज. ती दिल्लीची, कोरोनात रोज टीव्हीवर असायची ना, आयसीएमआर, तिथे."

आत्ता कुठे दिव्याचा उलगडा झाला.

ती योजना मला ऐकून ठाऊक होती. वैद्यकीय शिकणाऱ्या मुलांनी दोन महिने खरंखुरं संशोधन करून बघावं म्हणून आयसीएमआर १९७९ पासून विद्यावेतन देते. मी काकूंना सांगितलं की त्या प्रस्तावात मुलीचं नाव, तिच्या सरांचं नाव, कॉलेजचं नाव, काहीही घालायचं नसतं. चुकून आलं तर अर्ज बाद.

"नाव नाही, गाव नाही?" काकूंना हे पटेना. "अहो, आपल्याकडे गोत्र सांगितल्याशिवाय संकल्प सुटत नाही. ठाऊक नसेल त्याला काश्यप म्हणायला लावतात, पण काहीतरी म्हणावंच लागतं."

"इथे उलटं आहे. गोत्र कळलं की संकल्प मोडला. मुंबईच्या नावाजलेल्या कॉलेजची मुलगी आणि धुळ्याकडच्या कॉलेजची मुलगी, दोघींचं लिखाण वाचणाऱ्यापुढे सारखंच यावं म्हणून."

"हे बरंय," काकू म्हणाल्या. मग जरा थांबून, "पण मग तुमच्या सुनेला कळणार कसं, की ही आपली?"

"कळू नये म्हणूनच तर! आणि कळलंच, तर तिने 'मी यात नाही' असं कळवून बाजूला व्हायचं."

काकूंचा एक मोहरा तिथेच पडला. त्यांनी दोन कळ्या खुडल्या आणि दुसरा काढला. "मोठ्या डॉक्टरांचे, प्राध्यापकांचे अर्ज असतात त्यांचं काय? तेही बिननावाचे?"

"ते बहुतेक ठिकाणी नावानिशी असतात. माणसाने आधी काय केलंय, त्याच्याकडे प्रयोगशाळा आहे का, हे बघावं लागतं ना. तिथे तपासणाऱ्याचं नाव झाकतात."

"म्हणजे पडदा एकाच बाजूला."

"नाहीतर खरं कोण लिहील? आज ज्याच्या अर्जात चूक काढायची, तोच उद्या सुनेच्या मुलाखतीला समोर बसणार. त्याच्या तोंडावर 'सर, तुमचं गणित चुकलंय' म्हणायला कोण धजावेल?"

काकूंनी मान डोलावली. गावात राहून खरं बोलायची किंमत त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

"आणि दुसरं म्हणजे," मी म्हटलं, "अर्जात माणूस सगळंच ओतून बसलेला असतो. कुठे न छापलेले आकडे, पुढच्या चार वर्षांचा बेत. वाचणाराही त्याच विषयातला, नाहीतर त्याला कळणार काय? म्हणजे ज्याच्या हातात आपली कल्पना देतो, तो बरेचदा आपला स्पर्धकच."

"कुंपणानेच शेत खाल्लं तर?"

"खातंही कधीकधी. अमेरिकेत ह्यूस्टनला एम. डी. अँडरसन म्हणून कॅन्सरचं मोठं केंद्र आहे. तिथे २०१९ साली काही शास्त्रज्ञांना जावं लागलं. त्यांच्यावरच्या आरोपांत हाही एक होता, की तपासायला आलेले गुप्त अर्ज बाहेर पाठवले. आणि २०२३ च्या जूनमध्ये तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने, एनआयएचने, परीक्षकांना बजावलं, की अर्ज चॅटजीपीटीसारख्या यंत्राला वाचायला द्यायचा नाही, त्याच्याकडून मतही लिहून घ्यायचं नाही. तिथे टाकलं म्हणजे बाहेर गेलंच."

"आमचा बंड्या तर गृहपाठही त्यालाच विचारतो."

"बंड्याच्या गृहपाठाला कुणी टपलेलं नसतं, काकू."

रस्त्यावरून पूजेला आलेल्या यजमानांची एक गाडी चिखल उडवत गेली. सिंहस्थाची कामं निघाल्यापासून आमचा रस्ता खणलेलाच आहे. काकूंनी गाडीचा नंबर बघितला, "गुजरातची. नागबलीला आलेत," असा निकाल दिला आणि परत मुद्द्यावर आल्या.

"पोरीचा विषयही सापाचाच आहे हो. आपल्या आदिवासी पाड्यांवर भातलावणीच्या दिवसांत साप चावला तर माणूस आधी कुठे जातो, भगताकडे की दवाखान्यात, आणि पोचायला किती वेळ जातो, असं काहीतरी."

विषय मला एकदम आवडला. आमच्या गावात साप मारल्याच्या दोषावर नागबलीचा तीन दिवसांचा विधी आहे, त्यासाठी देशभरातून माणसं येतात. सापाने माणूस मारला तर मात्र त्याची गोष्ट पाड्याबाहेर क्वचितच जाते. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवरचं प्रतिविष आपल्याच मुंबईचं हाफकिन बनवतं. पण ते गाठायला आधी गाडी लागते आणि तिला रस्ता लागतो. केंद्र सरकारने २०२४ मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय आराखडा काढला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे म्हणून. मुलगी नेमकं तेच विचारतेय, नेमक्या ठिकाणी.

"आणि गंमत ऐका," मी म्हटलं. "ही आयसीएमआर १९११ साली निघाली तेव्हा तिचं नाव होतं इंडियन रिसर्च फंड असोसिएशन. तिची पहिली बैठक मुंबईच्या प्लेग लॅबोरेटरीत झाली. तेच आजचं हाफकिन. आयसीएमआर हे नाव १९४९ चं."

"प्लेगात आमच्या आजेसासूबाई रानात झोपडी घालून राहिल्या होत्या," काकू म्हणाल्या. "ते जाऊ द्या. मला एक सांगा, एवढी झाकाझाक केल्यावर वशिला चालतच नाही म्हणता?"

इथे मी जरा अडखळले, कारण खरं उत्तर सोपं नाही. मग स्वीडनची गोष्ट सांगितली. क्रिस्टीन वेनेरास आणि ॲग्नेस वोल्ड, दोघी गोथेनबर्ग विद्यापीठातल्या संशोधक. १९९५ साली तिथल्या सरकारी वैद्यक संशोधन परिषदेकडे ११४ जणांनी पाठ्यवृत्तीसाठी अर्ज केले होते, ६२ पुरुष आणि ५२ बायका. वीस जणांना मिळाली, त्यांत बायका फक्त चार. या दोघींना गुणपत्रकं बघायची होती. परिषद म्हणाली, गुप्त आहेत. पण स्वीडनमध्ये सरकारी कागद बघायचा हक्क १७६६ पासून आहे. प्रकरण न्यायालयात गेलं, कागद उघडावे लागले.

"निघालं काय?" काकू कुंपणाला टेकल्याच.

"पुरुषाइतकेच गुण मिळवायला बाईला त्याच्या अडीच पट काम दाखवावं लागत होतं."

"हे सांगायला स्वीडनला कशाला जायला हवं!"

"थांबा, खरी मेख पुढेच आहे. समितीत ज्याच्या ओळखीचं कुणी होतं, त्यालाही जास्त गुण पडले होते. आणि तो ओळखीचा माणूस तर नियमाप्रमाणे बाजूला झालेला, त्याने गुण दिलेच नव्हते. बाकीच्यांनीच चढवून दिले."

काकू क्षणभर गप्प झाल्या. मग एकदम हसल्या. "म्हणजे तो बिचारा गप्प, आणि बाकीचे मनातल्या मनात, 'आपल्या अमक्याचा आहे हो हा.' मराठीतच बोलले असतील ते स्वीडनवाले!"

१९९७ मध्ये ते 'नेचर'मध्ये छापून आलं आणि जगभर बोभाटा झाला. सूनबाई म्हणते की गुप्ततेने परीक्षक निर्भय होतो हे खरं, पण निर्भय माणूस निःपक्षपाती असतोच असं नाही. वशिला दाराबाहेर काढता येतो, सवयीचं काय करणार?

"त्यातही मतं जुळतात थोडीच," मी पुढे म्हटलं. "अमेरिकेत ४३ परीक्षकांना एनआयएचचे २५ अर्ज वाटून बघितले. २०१८ मध्ये ते प्रसिद्ध झालं. एकाच अर्जावरची दोघांची मतं आणि दोन वेगळ्या अर्जांवरची दोन मतं, यांच्यातला फरक सारखाच निघाला."

"मग एवढी रात्र जागून तपासायचं कशाला? चिठ्ठ्या टाका!"

"टाकतात, काकू."

"काय सांगता!"

"न्यूझीलंडला. तिथल्या आरोग्य संशोधन परिषदेची एक योजना आहे, धाडसी कल्पनांसाठी. २०१३ पासून, पात्र ठरलेल्या अर्जांमधून सोडत काढतात. आधी चाळणी मात्र लावतातच. नुसत्या चिठ्ठ्या नाहीत."

काकूंचा न्यूझीलंडबद्दलचा आदर डोळ्यांदेखत वाढला. पण त्यांचं मन पोरीत अडकलेलं होतं. "नाही मिळालं, तर तिने समजायचं काय? कुणी, का, कशासाठी?"

हीच माझ्याही मनातली गोष्ट होती. 'कुणी' हे तिला कळू नये, आणि त्यात तिचं काही बिघडत नाही. 'का' हे मात्र कळायलाच हवं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये परीक्षांबाबत हेच सांगितलं. माहितीच्या अधिकारात मुलाला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका बघता येते, ती तपासणाऱ्याचं नाव मात्र मिळत नाही. संशोधनाच्या अर्जालाही हाच न्याय लावावा. चांगल्या संस्था परीक्षकांचे शेरे, नावं गाळून, अर्जदाराला पाठवतात. जिथे नुसतं 'नामंजूर' येतं तिथे मुलगी कुठे सुधारणार? मग ती आणि तिचे आईवडील उरलेली जागा अंदाजाने भरतात: वशिला नव्हता, जात आडवी आली, पैसे मागितले असतील. तपासणारा रात्री एकपर्यंत जागला होता, हे कुणाच्या डोक्यातही येत नाही.

"मग तुमच्या सुनेला एवढं सांगा," काकू म्हणाल्या, "कुणाचाही असो, नाही म्हणायचं तर दोन ओळी जास्त लिही म्हणावं. पोरं असतात ती."

"हे सांगेन," मी म्हटलं. हा निरोप द्यायला कुठल्याच नियमाची आडकाठी नव्हती.

"आपल्या पोरीची कल्पना बाकी सगळ्यांना आवडली हो. काल कुशावर्तावर सांगितलं तर बायका म्हणाल्या…"

माझ्या हातातली सुतळी सुटली. "काकू! कुशावर्तावर सांगितलंत? तो अर्ज अजून तपासणीत आहे ना?"

"फक्त चौघींना. त्यातल्या एकीचा मुलगाही मेडिकललाच आहे, ती तर फार कौतुकाने ऐकत होती. कुठला पाडा, काय विचारणार, सगळं विचारून घेतलं तिने."

मी कपाळाला हात लावला. दिल्लीने नाव झाकलं, कॉलेज झाकलं, माझ्या सुनेने घरातल्या घरात दार लावून घेतलं, आणि मावशीआजीने तीर्थावर सगळं वाटून टाकलं. काकूंच्याही ते लक्षात आलं असावं, कारण त्यांनी परडी उचलली.

"बरं, आता नाही बोलत कुठे. पण निकाल लागला की आधी मला सांगायचं हं, वहिनी."

"निकालाचं गुपित नसतं, काकू. निवड झालेल्यांची यादी आयसीएमआरच लावते. सगळ्यांना एकदमच दिसते."

"सगळ्यांना एकदम?" काकूंचा चेहरा पडला. "मग ते सांगण्यात काय राम!"