बायलॉ आणि बायपास

सहकारी संस्थेच्या अंतर्गत कारभारासाठी सभासदांनी स्वीकारलेल्या आणि निबंधकाकडे नोंदविलेल्या नियमांना कायद्याच्या मराठीत ‘उपविधी’ आणि बोलण्यात ‘बायलॉज’ म्हणतात; हे अनेकवचन असल्याचे भान बोलणाऱ्यास सहसा नसते, त्यामुळे एकच नियम मोडला तरी ‘बायलॉज मोडला’ असाच आरोप होतो. ज्या जिल्ह्यात १९५० साली विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला, तेथे हा शब्द ऊस आणि थकबाकी यांच्याइतकाच घरचा असणे स्वाभाविक आहे. आणि नगर-पुणे रस्त्यावरच्या केडगावात, जेथे शेतकऱ्याला कर्ज देणाऱ्या ‘सोसायटी’च्या जोडीला सदनिकांची ‘सोसायटी’ आली, तेथे तो गाडी लावण्याच्या जागेवरून आणि छताच्या गळतीवरून सर्रास उच्चारला जातो.

शब्दाचा पूर्वार्ध मात्र फसवा आहे. केडगावकरांना ‘बाय’ ठाऊक आहे तो बायपासमुळे, म्हणजे गावात न शिरता बाजूने जाणाऱ्या रस्त्यामुळे. त्याच न्यायाने बायलॉ हा मुख्य कायद्याच्या बाजूने जाणारा, म्हणजे दुय्यम कायदा ठरतो, आणि ‘उपविधी’ वा ‘पोटनियम’ हे प्रतिशब्द याच समजुतीवर उभे आहेत. परंतु नवव्या शतकात इंग्लंडच्या उत्तर व पूर्व भागांत येऊन वसलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या नॉर्स भाषेत या ‘बाय’च्या पूर्वजाचा अर्थ ‘गाव’ असा होता, आणि बायलॉ म्हणजे बहुधा गावाने स्वतःसाठी केलेला कायदा. डर्बी म्हणजे हरणांचे गाव, ग्रिम्सबी म्हणजे ग्रिम नावाच्या माणसाचे गाव; या नावांच्या शेवटी जे ‘बी’ आहे तेच केडगावच्या शेवटी ‘गाव’ आहे. तात्पर्य, बायपासमधला ‘बाय’ गाव टाळतो आणि बायलॉमधला ‘बाय’ खुद्द गावच असतो, हा भेद जगात कोठे पटकन उमगावा तर तो केडगाव बायपास चौकातच.

उत्तरार्धाच्या बाबतीत मात्र मराठीने नकळत बाजी मारली आहे. ‘लॉ’ हा शब्दही नॉर्सच असून त्याचा मूळ अर्थ ‘घालून दिलेले’ असा आहे. संस्कृत ‘विधि’ हा शब्दही ‘ठेवणे, घालून देणे’ या अर्थाच्या ‘धा’ धातूपासून ‘वि’ उपसर्ग लागून झाला आहे. म्हणजे अनुवादाचा अर्धा भाग अचूक आणि अर्धा चुकीचा, हे प्रमाण सरकारी परिभाषेत समाधानकारकच मानावे लागेल.

नॉर्स वारसा शब्दापुरताच थांबत नाही. यॉर्कशर व लिंकनशरमध्ये तालुक्यासारख्या विभागास ‘वॅपनटेक’ म्हणत. सभेत शस्त्रे उंचावून वा वाजवून संमती देण्याच्या प्रथेवरून हे नाव पडले. केडगावच्या सभेत शस्त्रे नसतात, तथापि विषय वाचून होण्यापूर्वीच मागच्या रांगेतून उठणारा ‘मंजूर, मंजूर’चा गजर त्याच जातीचा आहे. आइसलँडमध्ये ९३० साली स्थापन झालेल्या आल्थिंग या सभेत कायदा तोंडपाठ असलेला अधिकारी दरवर्षी त्याचा एकतृतीयांश भाग म्हणून दाखवी आणि लोक तो ऐकत. येथे मागील सभेचे इतिवृत्त ‘वाचून कायम’ केले जाते, पण त्या वेळी सभासदांचे लक्ष चहाकडे असते. गणपूर्ती, म्हणजे सभा वैध ठरण्यासाठी लागणारी किमान उपस्थिती, हा प्रश्न मात्र मराठी बुद्धीने निकालात काढला आहे: गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी भरेल आणि तिला गणपूर्तीची अट राहणार नाही, असे सूचनापत्रातच छापलेले असल्याने शहाणा सभासद पहिल्या अर्ध्या तासात कधीच येत नाही.

एवढ्या विवेचनानंतर ‘उपविधी’ऐवजी ‘गावविधी’ हा शब्द स्वीकारावा असे सुचविणे क्रमप्राप्त आहे; परंतु उपविधीतील दुरुस्तीस सभेत उपस्थित राहून मत देणाऱ्यांचे दोनतृतीयांश बहुमत आणि त्यानंतर निबंधकाची मान्यता लागते. ती सभाही अर्ध्या तासाने, त्याच ठिकाणी भरेल, आणि शब्दाच्या दुरुस्तीआधी गच्चीच्या दुरुस्तीचा विषय निघेल.