एपिगोन : जिंकूनही बदनाम

इंग्रजीतील ‘एपिगोन’ या क्वचितच भेटणाऱ्या शब्दाचा अर्थ थोर पूर्वसूरींचा कित्ता गिरवणारा निस्तेज वारसदार असा कोशांत दिला जात असला, तरी मूळ ग्रीक ‘एपिगोनोई’ हा शब्द ‘मागाहून जन्मलेले’ एवढेच सांगतो. ग्रीक पुराणकथेत थीब्ज नगरीवर सात सेनानी चालून गेले, त्यांपैकी एकटा अद्रास्तोस जिवंत परतला, आणि 10 वर्षांनी त्यांच्या मुलांनी, म्हणजे याच एपिगोनोईंनी, ते नगर जिंकून घेतले. हरलेले बाप शोकांतिकेत अजरामर झाले, जिंकलेली मुले मात्र नकलाकारांचे सामान्यनाम होऊन बसली! मराठीत असा शेलका शब्द रूढ नाही. ‘वारसदार’ म्हटले की भागते.