अडवा आणि जिरवा

शिरपूरचं नाव पाण्यावाचून घेतलं जात नाही. 2004 पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी, इथले पुढारी अमरिशभाई पटेलांच्या पाठबळावर, इथले नाले खोल-रुंद केले, बंधारे घातले आणि कोरड्या विहिरींना पाणी आलं. ‘शिरपूर पॅटर्न’ बघायला लांबलांबून माणसं येतात. अडवण्याचं काम आमच्या सासूबाईंनी मात्र त्याच्याही कितीतरी आधी सुरू केलेलं, आणि तेही अनुदानाशिवाय.

धुळ्याला लग्न असलं की त्यांचं पाणी आदल्या संध्याकाळपासून बंद. “मोटरमा बसनं शे ना, मंग पानी कसाले पेऊ?” आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे त्यांचं शास्त्र. मार्च 2023 पासून बायकांना एस.टी.चं तिकीट अर्धं झालं आणि सासूबाईंची लग्नं दुप्पट झाली. (म्हणजे दुसऱ्यांची.) नरडाणा गेलं, सोनगीर गेलं, तरी बाई खिडकीला घट्ट. मांडवातही उठायचं नाही, कारण पाहुण्यांच्या घरात ‘तिकडं’ कुठं असतं हे विचारायचं कुणाला?

मग तिसऱ्या दिवशी उन्हाळी लागायची. जानेवारीतसुद्धा. जळजळ, ओटीपोटात कळ, मिनिटामिनिटाला धावपळ. लगेच गल्लीतून औषधं सुरू: कुणाचं धन्याचं पाणी, कुणाचा सब्जा, कुणाचं गोखरू. शेवटी दवाखान्यातल्या गोळ्या. दोन दिवसांत बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या मेथीच्या बरणीमागे जमा, पुढच्या वेळेला. शेजारणीला लागल्या तर तिलाही त्यातल्याच दोन. वाटीभर साखर द्यावी इतक्या सहज.

नवी डॉक्टरीण तरुण होती, पण गोळ्यांचा हा कारभार ऐकून थोरल्या जावेसारखी कडाडली. अर्धवट डोस घेतला की मेले नाहीत ते जंतू पुढे गोळीला जुमानत नाहीत. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झालं, की नुसती गोळी देऊन घरी पाठवायचं नाही, कारण शोधायचं. आधी लघवीचं कल्चर.

तिने बाटली दिली आणि सांगितलं, “आजी, धुऊन-पुसून घ्या. पहिली धार सोडायची, मधली बाटलीत घ्यायची.” सासूबाईंचा चेहरा उजळला. उभा जन्म म्हशी पिळण्यात गेलेला. पहिली धार भांड्यात घेऊ नये हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. बाहेर आल्या त्या बाटली पदराखाली घेऊन. कंपाउंडर पुरुष होता, त्याच्या हातात देईनात. मी घेतली, वर्तमानपत्रात गुंडाळली, तरी म्हणाल्या, “नाव खोडी टाक वरनं.” नाव खोडलं तर रिपोर्ट कुणाचा येणार?

रिपोर्टात ई. कोलाय निघाला. हा आपल्याच आतड्यातला जंतू. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर, त्यामुळे त्याला प्रवास फारसा नाहीच. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं, योनीमार्गातले राखणदार जंतूही कमी होतात. म्हणून डॉक्टरिणीने स्तनाच्या कॅन्सरची वगैरे चौकशी करून आतून लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम लिहून दिलं. सुरुवातीचे दिवस गेले की आठवड्यातून दोनदा. “ह्या वयमा माले क्रीम?” सासूबाई लाजून लाल. ती ट्यूब आता तांदळाच्या डब्यात असते. नणंदेला ती सापडली, तेव्हा “पायाच्या भेगांची” असं उत्तर तयार होतं.

पाण्यावर मात्र वाद झाला. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रोज दीड लिटर जास्त पाणी पिणाऱ्या बायकांचा हा त्रास निम्म्यावर आला होता. त्या बायका पाळी चालू असलेल्या होत्या, हे डॉक्टरिणीने प्रामाणिकपणे सांगितलं आणि सासूबाईंनी तेवढंच धरून ठेवलं. पण हृदय-किडनी ठीक असल्याने त्यांची सुटका झाली नाही. पाणी प्यायचं, लागली की जायचं, बद्धकोष्ठ होऊ द्यायचा नाही आणि साखर तपासत राहायची. त्रास नसताना नुसते जंतू दिसले म्हणून गोळ्या घ्यायच्या नाहीत, हेही बजावलं.

आता बाई बदलल्यात, जरा जास्तच. भजनी मंडळात “रात्री कितींदा उठतेस?” हा प्रश्न हार्मोनियमवाल्या भाऊंसमोर विचारला जातो. परवा नातवासाठी स्थळ पाहायला गेलो. चहा येण्याआधी सासूबाई उठल्या, थेट मागच्या अंगणात गेल्या, कडी लावून पाहिली, नळ सोडून पाहिला, आणि परत येऊन मुलीच्या बापासमोर जाहीर केलं, “घर चांगलं शे.” मुलगी तेव्हा अजून स्वयंपाकघरातच होती.