तबकडी, टोपली आणि हास्यक्लब

भाच्याने अ‍ॅरिझोनाहून येताना बदाम-चॉकलेटांच्या जागी प्लॅस्टिकच्या तबकड्या भरून आणल्या, तेव्हा ताईचा चेहरा पाहण्यासारखा झाला. वाढायला घ्याव्यात तर उथळ, झाकायला घ्याव्यात तर लहान. जेमतेम 21 सेंटिमीटर.

"डिस्क गोल्फ, मामा!" गोल्फच, पण काठी नाही, चेंडू नाही आणि क्लबाची वर्गणीही नाही. तबकडी भिरकावायची, पडेल तिथे चालत जायचं, तिथून पुन्हा भिरकावायची. शेवटी खांबावरच्या साखळ्यांवर आपटून खालच्या टोपलीत पाडायची. कमीत कमी फेकीत पाडेल तो जिंकला.

भाचा खेळतो स्कॉट्सडेलच्या व्हिस्टा देल कामिनो बागेत. ही बाग म्हणजे मुळात वाळवंटातला ओढा. एरवी कोरडा ठणठणीत, पाऊस आला की पूर. तिथल्या लोकांनी ओढ्याचा पट्टा बागा, तळी आणि सायकलवाटांसाठी मोकळा ठेवला. पूर आलाच तर गवत भिजतं, एवढंच. दहिसर आणि पोयसर नद्यांच्या शेजारात हयात गेलेल्या माणसाने यावर काय बोलावं? आमच्याकडे इमारत नदीत शिरते आणि जुलैत नदी तळमजल्यावर आली की घुसखोर तीच ठरते.

खेळाचा जनक एड हेड्रिक. 1975 साली कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह बागेत त्याने पहिलं कायमचं मैदान आखलं. साखळ्यांची टोपली ही पुढे त्याचीच करामत. 2002 साली तो गेला, तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे रक्षा प्लॅस्टिकमध्ये मिसळून तबकड्या काढल्या. हे ऐकल्याबरोबर ताईने देवघरासमोर ठेवलेल्या सगळ्या तबकड्या उचलून बाल्कनीत नेल्या आणि हात धुतले. "यातली ती कुठली नाही ना रे?" हा प्रश्न मात्र दिवसभर चालू होता.

रविवारी सकाळी आम्ही बोरिवलीतल्या मैदानावर. टोपली म्हणून धुण्याची बादली. भाच्याने नियम सांगितला: बाग सगळ्यांची, वाटेत माणूस असेल तर थांबायचं, पहिला हक्क त्याचा. वाळवंटात हे ठीक आहे. तिथे वाटेत निवडुंग येतो आणि तो निदान जागचा हलत नाही. इथे आम्ही आणि बादली यांच्यामध्ये चालणाऱ्या काकवांची रांग होती, आणि ती गोल फिरत असल्यामुळे संपतच नव्हती. पलीकडे हास्यक्लब. त्यापलीकडे टेनिस बॉलच्या तीन मॅचेस एकमेकींत गुंतलेल्या. एकीचा कव्हर दुसरीचा विकेटकीपर. मुंबईकराला यात काही वावगं दिसत नाही. आझाद मैदानात 22 खेळपट्ट्या शेजारी शेजारी नांदतात, तिथे आमचं काय घेऊन बसलात! भाचा मात्र हात वर धरून उभा. वाट मोकळी व्हायची वाट बघत.

"अरे, फेक! मोकळी झाली की फेकू म्हणणारा माणूस अंधेरीला लोकलमध्ये कधी चढलाय का?"

फेकली. उजव्या हाताने आडवी फेकलेली तबकडी वेग उतरला की डावीकडे वळते, आणि डावीकडे मॅच होती. गलीतल्या पोराने ती एका हाताने झेलली, बोलरने अपील केलं. बॉल अजून बोलरच्याच हातात आहे, असं बॅट्समनचं म्हणणं. त्यावर दोन्ही टीम, हास्यक्लबातले दोन निवृत्त अधिकारी आणि एक नारळपाणीवाला यांनी बराच खल केला. अखेर बॅट त्याची स्वतःची असल्याने तो नाबाद ठरला.

या भानगडीत तबकडी कुठे गेली हे कुणीच पाहिलं नव्हतं. शोधत शोधत बाकांपाशी पोहोचलो. रात्रभराच्या पावसाने बाक ओलेगच्च. त्यातल्या एकावर हास्यक्लबाचे अध्यक्ष कोरडे, प्रसन्न आणि किंचित तिरपे बसले होते. भाच्याने अदबीने विचारलं, "आजोबा, आमची डिस्क…?"

आजोबा जरा उठले, खाली पाहिलं आणि पुन्हा बसले.

"चांगली आहे रे," ते म्हणाले. "पुढच्या खेपेला जरा मोठ्या मापाची आण."